एक चाक हवेत

सत्त्याऐंशीची कोरोला. डाव्या दाराखाली गंज,
इंजिन मात्र अजून पहिल्या हाकेला ओ देतं.
ग्लेनगेशचा चढ, तिसरं वळण, शेवाळलेलं डांबर:
आतलं चाक हलकं होतं आणि सुटतं,
गरगर, गरगर, कुणाचंच नसल्यासारखं;
बाहेरचं, ज्याच्यावर अख्खी गाडी रेललेली,
ते हात बांधून बघत राहतं.

मूळ डिफरेन्शियलचा स्वभावच तो.
जे घसरलं, त्याच्याच ओंजळीत सगळं.
आमची आई अशीच होती.
मासेमारीची होडी विकली ती ओड्रनसाठी,
कुरणाचा वरचा तुकडा ओड्रनसाठी.
"तुझं काय, तू उभा आहेस," म्हणायची मला,
आणि मी उभा होतो. खरंच होतो.

मॅलकी म्हणतो, वेल्ड करून टाक.
त्याने केलंय. दोन्ही चाकं एका बेडीत.
चर्चच्या आवारात वळताना टायर असे ओरडतात
की फादर डेव्हनी प्रवचन विसरतात.
पन्नास युरोंत काम झालं,
आणि तीन हिवाळ्यांत अ‍ॅक्सलचे दोन दांडे मोडले.
असली एकजूट मला नको.

लेटरकेनीच्या काउंटरवर ईथना बसते,
चष्मा कपाळावर, नखांत ग्रीस.
तिने दोन खोकी पुढ्यात ठेवली.
एकात गिअरवाला: तिरप्या दात्यांचा, शांत,
ना खडखड, ना झीज, जन्मभर उघडायला नको.
एका चाकाला जेवढी पकड,
त्याच्या अडीचपट जोर दुसऱ्याला पोचवतो.
मी पाकीट काढलं.
"थांब," ती म्हणाली. "चाक उचललं गेलं तर?
शून्याच्या अडीचपट किती?"

दुसऱ्यात प्लेटवाला. चकत्यांवर चकत्या,
मध्ये स्प्रिंगा, दाबून बसवलेल्या.
याला खास तेल लागतं, तेही वरचेवर बदलायचं.
आवाज करतो. झिजतो.
काही वर्षांनी खोलून नव्या चकत्या घालाव्या लागतात.
पण काही घडायच्या आधीपासूनच
त्याने दोन्ही चाकांना थोडं धरलेलं असतं.
एक हवेत गेलं, तरी
तेवढं धरलेलं राहतं.

मी रस्ता आठवला. घाट उतरल्यावरचे उंचवटे,
दलदलीवर टाकलेलं डांबर, दरवर्षी खचणारं,
कुठे कुठलं चाक जमीन सोडेल, सांगता येत नाही.
आणि ओड्रन आठवला, का कोण जाणे,
स्लायगोतल्या त्या खोलीत, फोन न उचलणारा.
प्लेटवालाच घेतला.
"स्प्रिंगा किती कडक?" ईथनाने विचारलं.
मध्यम, म्हटलं. दूध आणायलाही हीच गाडी आहे.

शनिवारी दांडे ओढले, तेल सोडलं,
जुना गोळा बाहेर काढून फडक्यात गुंडाळला.
भंगारात टाकवेना.
सदतीस वर्षांत त्या बिचाऱ्याने
कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

नव्या चकत्या मुरवायला
इंग्रजी आठ गिरवायचे असतात, हळू, मोकळ्या जागेत.
किलीबेग्जचा धक्का, पहाटेचे पाच, बोटी बाहेर गेलेल्या.
मागे खडखड, कुणी खिळ्यांची बरणी हलवावी तशी.
शेजारी ओड्रन. दुसऱ्या फोनला नाही,
नवव्या फोनला आला.
जाकिटाला अजून त्या खोलीचा वास.
आठ मोजायचं काम त्याच्याकडे.
तो तेराला चुकला, परत अकरावर आला,
मी काही बोललो नाही,
स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे सोडत राहिलो.
"वीस झाले," तो म्हणाला.
झाले नव्हते.
मी आणखी एक घेतला.